पाणथळ कशाला म्हणावे?

पाणथळ हा शब्द आपल्या बोलण्यात जुनाच आहे. जिथे पाय रुततो, नांगर चालत नाही आणि होडीही नीट तरंगत नाही, ती जागा पाणथळ. शेतकऱ्याच्या लेखी ती निरुपयोगी; शहरात तर भराव टाकण्यास सोयीची!

शास्त्रीय व्याख्या याहून पुष्कळ व्यापक आहे. इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे जागा नैसर्गिक असो वा मानवनिर्मित, पाणी बारमाही असो वा हंगामी, वाहते असो वा साचलेले, गोडे, मचूळ वा खारे असो, ती पाणथळच होय. ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल राहणारा समुद्रही तीत येतो. भारत या करारात १९८२ साली सामील झाला.

प्रकारांची यादी पाठ करण्यापेक्षा महाराष्ट्रातील तीन रामसर स्थळे पाहणे बरे. ठाण्याची खाडी हा किनारी प्रकार. भरती-ओहोटीने दिवसातून दोनदा उघडा पडणारा चिखल, काठाला तिवरांची झाडी आणि त्या चिखलावर पोसणारे हजारो रोहित पक्षी. लोणार हा अंतर्देशीय प्रकार, तोही विलक्षण. उल्कापाताने बेसाल्ट खडकात पडलेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातील हे पाणी इतके खारट व अल्कधर्मी आहे की त्यात मासे जगत नाहीत. सूक्ष्म जीव मात्र उदंड. २०२० च्या जून महिन्यात तेच पाणी गुलाबी झाले, तेही अशाच सूक्ष्म जीवांमुळे.

तिसरे नांदूर मध्यमेश्वर, आणि माझ्या मते सर्वांत बोधप्रद. निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठी बंधारा घातला गेला. वर्षानुवर्षे त्यात गाळ साचला. अभियंत्याच्या हिशेबी हा तोटाच, कारण साठवण घटली. पण त्याच गाळाची बेटे झाली, उथळ पाण्यात पाणवनस्पती माजल्या, आणि हिवाळ्यात दूरदेशीची बदके तेथे उतरू लागली. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले. माणसाने धरण बांधले खरे, पण पाणथळ घडवली ती गाळाने.

आता खरी अडचण. आपल्या देशातील २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून नदीचे पात्र, भातशेते, पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव, मिठागरे आणि सिंचनासाठी बांधलेली कामे वगळलेली आहेत. नांदूर मध्यमेश्वरला रामसरच्या यादीचा आधार आहे. परंतु भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावरही रोहित पक्षी येतात, आणि तो फुगवटा सिंचनाच्याच धरणाचा. पक्ष्याला चिखल दिसतो, बांधकामाचा हेतू दिसत नाही. कोकणातील भातखाचरेही तशीच. पावसाळाभर त्यांत पाणी उभे असते, बेडूक, खेकडे व बगळे तेथेच पोसतात; करार त्यांना पाणथळ मानतो, आपले नियम मानत नाहीत.