अटनाचे ओझे



चातुर्मास्य सरत आले की आश्रमाआश्रमांतून अटनाच्या गोष्टी निघू लागतात. आमच्या यावल परिसरात हे दिवस सहज ओळखू येतात. पहाटे सातपुड्याकडून येणारी हवा अंगाला झोंबू लागते, केळीच्या पानांवरून दव ठिबकते, आणि दुपारचे ऊन मात्र आश्विनातल्यासारखेच डोके तापविते. अशा वेळी ऋद्धिपुराकडे पायी निघू इच्छिणारे साधक आणि वासनिक मंडळी एकच प्रश्न घेऊन येतात : ‘बाबा, बरोबर काय काय घ्यावे?’ प्रश्न व्यवहाराचा दिसतो. परंतु विचार केला असता तो आचार प्रकरणाचाच आहे असे ध्यानात येते. म्हणून प्रस्तुत पाठात प्रथम त्याचा शास्त्रदृष्टीने विचार करू आणि मग वाटेच्या व्यवहाराकडे वळू.

विषयप्रवेश

केशिराजांनी संकलित केलेल्या सूत्रपाठात आचार आणि आचारमालिका या प्रकरणांतून साधकाच्या दिनचर्येचा विधी आला आहे. अटन, विजन, भिक्षा, स्मरण ही त्या विधीची प्रमुख अंगे होत. यांपैकी अटन आणि तीर्थयात्रा यांत भेद आहे, हे प्रथम लक्षात घ्यावे. यात्रेला गंतव्य असते. स्थान गाठले, नमस्कार झाला, की यात्रा पूर्ण होते. अटनाला गंतव्य नाही. ठिकाणाचा, माणसांचा आणि वस्तूंचा संबंध जडू नये, जडला असल्यास तुटावा, हेच त्याचे प्रयोजन. ऋद्धिपुरास जाणारा साधक स्थाननमस्कारासाठी निघाला तरी त्याच्या पावलांत अटनाचा हेतू असला पाहिजे. तो नसेल तर तो प्रवास झाला. साधन झाले नाही.

आता ज्याने घर सोडले, गाव सोडले, त्याने ते सारे गाठोड्यात बांधून पाठीवर घेतले असेल, तर सोडले काय? हाच या पाठाचा विषय.

लीळाप्रसंग

म्हाइंभटांनी शके 1200 च्या सुमारास सिद्ध केलेल्या लीळाचरित्राच्या एकांकात या विषयाचे मूळ सापडते. भडोचच्या प्रधानाचे पुत्र म्हणून वावरत असता आमच्या स्वामींनी रामटेकाच्या यात्रेचे निमित्त केले. पित्याने राजपुत्राला शोभेल असा परिवार बरोबर दिला. वाटेत स्वामींनी तो सारा परिवार मागे ठेवला आणि ते एकटेच ऋद्धिपुरास आले. तेथे श्रीप्रभूंची भेट झाली. पुढे साळबर्डीच्या डोंगरावरील वास आणि दीर्घकाळचे एकाकी भ्रमण घडले.

या लीळेतील क्रम अभ्यासकाने नीट पाहावा. यात्रा लवाजम्यासह सुरू झाली. श्रीप्रभूंची भेट लवाजमा सुटल्यानंतर झाली. स्वामींना कशाचाच संग बाधणारा नव्हता. तेव्हा हे सोडणे त्यांच्यासाठी नसून आपणांस वळण लागावे यासाठी आहे, असेच मानणे युक्त होय.

प्रथम शंका

येथे कोणी म्हणेल : ‘स्वामी परमेश्वरावतार. त्यांना थंडी, भूक यांची बाधा नाही. जीवाला देह आहे आणि देहाला गरजा आहेत. त्याने अनुकरण कसे करावे?’

समाधान असे. कृतीचे अनुकरण करण्यास सांगितलेले नाही, विधीचे अनुसरण सांगितले आहे. विधीत भिक्षा आहे, म्हणजे देहाची गरज मान्य केलेली आहे. फक्त त्या गरजेची तरतूद आदल्या दिवशी करून ठेवण्यास वाव दिलेला नाही. गरज आणि तरतूद यांतला हा भेद मला ग्रंथ वाचून उमगला नाही. तो तापीच्या काठी उमगला. तो प्रसंग सांगतो.

तापीकाठचा पाठ

तीस-बत्तीस वर्षांपूर्वी मी प्रथमच श्रीगुरूंबरोबर यावलहून पायी निघालो. तरुण वय, अंगात बळ. त्यामुळे गाठोडे भले मोठे बांधले होते. भुसावळच्या वाटेवर तापी ओलांडण्यापूर्वी श्रीगुरू काठावर बसले आणि म्हणाले, ‘सोड ते गाठोडे.’ मी सोडले. दोन घोंगड्या, वस्त्रांच्या चार जोड्या, पितळी लोटा, छत्री, बॅटरी आणि तिचे जादा सेल, टिपणांच्या तीन वह्या, दोन जाड ग्रंथ आणि लाडवांचा डबा एवढा संसार वाळूत मांडला गेला.

श्रीगुरू एकेका वस्तूवर बोट ठेवून विचारू लागले, ‘हे कशाला?’ मी उत्तरे देत गेलो. ‘पाऊस आला तर.’ ‘थंडी वाढली तर.’ ‘भिक्षा मिळाली नाही तर.’ ‘वस्त्र फाटले तर.’ सगळे ऐकून ते हसले आणि म्हणाले, ‘अरे, यात वस्तू थोड्या आहेत, “तर” फार आहेत. वस्तू मी उचलू लागेन, पण हे “तर” तुझे तुलाच वाहावे लागतील.’

लाडू काठावर खेळणाऱ्या मुलांना वाटले. एक घोंगडी, वस्त्रांची एक जोडी, पात्र आणि पोथी एवढे ठेवून बाकीचे निरोप द्यायला आलेल्या वासनिकाबरोबर परत पाठविले. त्या अटनात पाऊसही आला, थंडीही वाढली. एका गावी भिक्षा अपुरी मिळाली. मी भिजलो, कुडकुडलो, एक रात्र अर्धपोटी झोपलो. पण ज्या भीतीपायी मी ओझे वाहत होतो ती भीती त्या तीन आठवड्यांत ओसरली. हा लाभ ओझे जवळ असते तर झाला नसता.

व्यवहार

यावलहून तापी ओलांडून भुसावळ, वरणगाव, मुक्ताईनगर, मलकापूर, नांदुरा, खामगाव, बाळापूर, अकोला, मूर्तिजापूर, अमरावती या वाटेने ऋद्धिपूर सुमारे 300 किलोमीटर पडते. रोज 20 किलोमीटरप्रमाणे 15 दिवसांची चाल होते. विसाव्याचे दिवस धरता तीन आठवडे लागतात. पाठीवरचे ओझे आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावे, हा चालणाऱ्यांचा साधारण अनुभव. साधकाला 4 ते 5 किलो पुष्कळ झाले.

अंगावरची सोडून वस्त्रांची एकच जोडी असावी. या दिवसांत आकाश निवळलेले असते; सकाळी धुतलेले वस्त्र दुपारपर्यंत वाळते. मग तिसऱ्या जोडीचे काम उरत नाही. अंथरूण-पांघरूण म्हणून गोधडीपेक्षा घोंगडी बरी, कारण सूत ओले झाले की ऊब सोडते, लोकर ओली झाली तरी थोडीबहुत ऊब धरून ठेवते. पाणी 1 लिटरहून अधिक वाहू नये; 1 लिटर म्हणजे 1 किलो. कार्तिकात विहिरी भरलेल्या असतात आणि या वाटेवर गावे जवळजवळ आहेत. चैत्रात निघणाऱ्याने मात्र हा हिशेब धरू नये. पाणी गाळण्याचे दुपदरी फडके अवश्य घ्यावे. त्याने सूक्ष्म जीवांची हिंसा टळते. रोगजंतू मात्र फडक्याने अडत नाहीत, म्हणून संशय असेल तेथे पाणी उकळून घ्यावे.

झोळी, पात्र, विशेषांची पुरचुंडी, सूत्रपाठाचा लहान गुटका, सुईदोरा, रोजची औषधे आणि ओळखपत्र एवढ्यात यादी पुरी होते. वासनिकांनी नवी पादत्राणे घालून निघू नये. महिनाभर पायात रुळलेलीच घ्यावीत. ओझे हातात न घेता दोन्ही खांद्यांवर आणि पाठीला लागून घ्यावे. पहाटेचा पूजावसर आटोपून निघावे, ऊन चढण्यापूर्वी थांबावे आणि उरलेली चाल दुपार कलल्यावर करावी. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती अवकाळी पावसाने पायांना किलोकिलोने चिकटते. तेव्हा शेतवाट सोडून सडक धरावी. मोबाइल प्रत्येकाजवळ असण्याचे कारण नाही. संघातील एकाजवळ असावा आणि तो सायंकाळी एकदा पाहावा.

द्वितीय शंका

‘वस्तू जितक्या कमी तितका अपरिग्रह अधिक, हे मग सिद्ध झाले ना?’ असे कोणी विचारील. काही वर्षे माझेही हेच मत होते, आणि त्यामुळे माझ्या हातून एक प्रमाद घडला. तो लपविण्यात अर्थ नाही.

संघाचे नेतृत्व माझ्याकडे आले तेव्हा मी नियम केला की, अंगावरच्या वस्त्रांखेरीज कोणीही पाचांहून अधिक वस्तू घेऊ नयेत. मी स्वतः झोळ्या मोजल्या, आणि मोजताना मनात एक प्रकारचे समाधान होते. आमच्यात साठी उलटलेल्या एक तपस्विनी होत्या. विशेष, पोथी, पात्र, गाळण्याचे फडके आणि वस्त्रांची जोडी एवढ्यात त्यांच्या पाच वस्तू भरल्या. घोंगडी आणि मधुमेहाच्या गोळ्या त्यांनी मागे ठेवल्या, आणि माझा नियम मोडू नये म्हणून त्याबद्दल अवाक्षर काढले नाही. मलकापूरच्या अलीकडे सहाव्या दिवशी पहाटे त्या उठल्याच नाहीत. एका शेतकऱ्याने आपला टेम्पो काढून त्यांना दवाखान्यात पोचविले. दैव बलवत्तर, त्या वाचल्या. परंतु त्या वर्षी त्यांना ऋद्धिपूर घडले नाही.

मी क्षमा मागण्यास गेलो. त्या म्हणाल्या, ‘दादा, तुम्ही आमचे ओझे मोजले, आम्हाला विचारले नाही.’ याहून अधिक त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्याची गरजही नव्हती.

तेव्हा समाधान असे. वस्तूंची संख्या हे अपरिग्रहाचे लक्षण होऊ शकत नाही. परिग्रहाचे मूळ ‘हे नसेल तर माझे कसे होईल’ या विसंबण्यात आहे. जी वस्तू भयामुळे घेतली ती परिग्रह. ज्या वस्तूवाचून देह साधनास टिकत नाही ती आवश्यकता. आणि ‘मी किती थोडे घेतले’ हा भाव तर सर्वांत जड परिग्रह, कारण तो कोणी मागितला तरी देता येत नाही. त्या वर्षी संघात सर्वांत जड झोळी माझी होती. रोग्याची गोळी, वृद्धाची काठी, दुर्बळाचे जादा पांघरूण ही विधीच्या आड येत नाहीत. ती नाकारणारा आपला भार शेवटी दुसऱ्यावरच टाकतो. आमचा भार त्या शेतकऱ्यावर पडला. त्याचा कापूस वेचणीचा दिवस त्यात गेला.

तृतीय शंका

‘हल्ली पुष्कळ संघांचे सामान गाडीतून पुढे जाते. मग ओझ्याचा प्रश्नच राहत नाही.’ वृद्ध आणि आजारी यांच्यासाठी मागे एखादी गाडी असणे योग्यच आहे. वरील प्रसंगानंतर मी स्वतः तसा आग्रह धरतो. परंतु धडधाकट माणसाने गाडी आहे म्हणून गाद्या, भांडी, शिधा भरून न्यावा, यास मात्र आधार नाही. पाठ मोकळी झाली तरी चित्त त्या गाडीबरोबर चालू लागते : गाडी कोठे पोचली, गादी भिजली काय, भांडी मोजली काय. स्मरणाची जागा सामानाच्या स्मरणाने घेतली जाते. शिवाय शिधा बरोबर असला की भिक्षेला जाणे सुटते, भिक्षा सुटली की गावाशी भेट सुटते, आणि अटन केवळ रस्त्यावरून जाणे होऊन बसते.

न्यावयाचे ते

शेवटी एक गोष्ट सांगून पाठ पुरा करतो. खालशाच्या धाडीत लीळाचरित्राची मूळ पोथी हरपली, असे आपली परंपरा सांगते. पूर्वजांनी पोथ्या घेऊन रानोमाळ पळ काढला, तरी ते धन वाचले नाही. पुढे ज्यांच्या मुखी लीळा होत्या त्यांच्यापासून ग्रंथ पुन्हा उभा राहिला; त्यांत हिराइसांच्या पाठाची थोरवी आजही गायिली जाते. बासनात बांधलेले गेले, अंतःकरणात बांधलेले राहिले. जे मुखोद्गत आहे त्याला वजन नाही, ते भिजत नाही, लुटले जात नाही आणि वाटल्याने कमी होत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच्या महिन्यात सामानाच्या याद्या करण्यापेक्षा दहा लीळा पाठ कराव्यात. वाटेत त्या पुरतात.

या पाठाचा अभ्यास असा करावा. निघण्याच्या आदल्या सायंकाळी झोळी उघडून सर्व वस्तू समोर मांडाव्यात आणि प्रत्येकीविषयी तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. ही वस्तू गरजेने घेतली की भयाने? ही नसल्यास माझा भार कोणावर पडेल? आणि वाटेत कोणी मागितली, तर ती आनंदाने देववेल काय? संघाच्या प्रमुखाने मात्र एक चौथा प्रश्न विचारावा, आणि तो झोळ्यांकडे न पाहता माणसांकडे पाहून विचारावा : ‘तुम्हाला काय लागते?’ आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे.

दंडवत प्रणाम.