रामकथा रंगमंचावर आणताना

आपल्या केंद्रात रामकथेवर संगीतनाटिका बसवायची ठरली, की पहिला प्रश्न येतो : एवढ्या मोठ्या ग्रंथातले काय घ्यायचे आणि काय सोडायचे? यासाठी चेन्नईच्या कलाक्षेत्राचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे.

या संस्थेच्या संस्थापिका रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी वाल्मीकिरामायण एकाच प्रयोगात कोंबले नाही. त्यांनी सहा नृत्यनाट्ये केली. पहिले ‘सीता स्वयंवरम्’ १९५५ मध्ये, तर शेवटचे ‘महापट्टाभिषेकम्’ १९७० मध्ये रंगमंचावर आले. संगीत देणारे म्हैसूर वासुदेवाचार्य तेव्हा नव्वदीला टेकले होते. १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले. उरलेले काम त्यांचे नातू एस. राजाराम यांनी पुढे नेले. १९५५ मध्येच पुणे आकाशवाणीवर सुरू झालेले गीतरामायणही आठवड्याला एकेक गीत असेच उलगडले.

यातून आपण काय शिकावे?

१. एकच प्रसंग निवडा. महिन्याभराच्या तालमीत तेवढाच नीट उभा राहतो.

२. आधी मूळ ग्रंथ वाचा. शबरीने बोरे चाखून दिली, हा प्रसंग वाल्मीकींच्या ग्रंथात नाही. तो नंतरच्या परंपरेतला आहे. तो अवश्य घ्या, पण निवेदनात तसे सांगा. समोर बसलेली मुले जे पाहतील, तेच त्यांचे रामायण होणार आहे.

३. ज्यांना अभिनय जमत नाही, त्यांना कोरसमध्ये घ्या.

चिंतनासाठी : आपण एखादा प्रसंग गाळतो, तेव्हा तो वेळेअभावी गाळतो की त्यातला प्रश्न अवघड वाटतो म्हणून?