वेबसाइट कोणाकडून करून घ्यावी?

प्रश्न : टिटवाळ्याला महागणपती मंदिराजवळ आमचं छोटं लॉज आहे. वेबसाइट करून देणारे दोघे भेटलेत. स्वस्तातला निवडू का?

उत्तर : दराआधी विचारा, डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कोणाच्या नावावर राहणार? '.इन' डोमेनची नोंद 'निक्सी' या संस्थेच्या अखत्यारीत, अधिकृत रजिस्ट्रारमार्फत होते. नोंदीत ज्याचं नाव, त्याचा ताबा. तिथे डेव्हलपरचं नाव असेल आणि त्याच्याशी बिनसलं, तर अंगारकीच्या ऐन गर्दीत साइट बंद पडली तरी तुमचे हात बांधलेले. 'आम्हाला त्यातलं कळत नाही, तोच बघेल' असं तुम्ही म्हणाल. कामकाज जरूर त्याच्यावर सोपवा. पण नोंदणीतलं नाव, ईमेल, मोबाइल नंबर आणि दरवर्षीच्या नूतनीकरणाची पावती तुमचीच हवी. हे खळखळ न करता लेखी देईल, तो थोडा महाग पडला तरी त्यालाच काम द्या.