आज्याचा कामठा नातवाच्या हाती

सातपुड्याच्या डोंगरात भिल्लांची पुष्कळ वस्ती आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत त्यांचे पाडे आहेत. तीरकामठा हे त्यांचे जुने हत्यार. कामठा बांबूचा असतो. त्याची दोरीही बांबूच्याच पातळ कामटीची करतात. आजा थकला, की त्याचा कामठा नातवाकडे येतो. रीत चांगली आहे. पण देताना काय काय पाहावे, ते आज आपण वाचू.

कामठा वाकवला, की त्याची बाहेरची बाजू ताणते आणि आतली बाजू दबते. असा त्यात जोर साठतो. दोरी सोडली, की तो जोर तिराला मिळतो आणि तीर धावतो. पण दोरीवर तीरच नसेल तर? मग सगळा जोर कामठ्यातच परत शिरतो. कामठा तडकतो. म्हणून मुलाला पहिला धडा हा द्यावा: तीर लावल्याशिवाय ओढलेली दोरी सोडायची नाही.

जुना बांबू ठिसूळ होतो. ओढताना मोडला, तर त्याची ढलपी डोळ्यात जाते. गेलेला डोळा परत येत नाही. म्हणून कामठा आधी उजेडात धरा. त्यावरून बोट फिरवा. कुठे चीर आहे काय? बारीक भोके आहेत काय? ठोकल्यावर भुकटी गळते काय? गळत असेल, तर आतून किड्याने पोखरला आहे असे समजा. दोरी कुठे सोलली आहे काय? दोरी बदलता येते. पण चीर किंवा कीड दिसली, तर त्या कामठ्याने तीर मारू नये. तो भिंतीवर मानाने टांगून ठेवावा.

आजा म्हणेल, "मग माझा कामठा फुकटच गेला की!" तसे नाही, बाबा. तो समोर ठेवून नातवासाठी लहान कामठा करा. मध्ये किती जाड, टोकाला किती पातळ, हे जुना कामठाच सांगतो. दोरी ओढताना मुलाचा हात थरथरू नये, इतका नवा कामठा हलका असावा. तीर पुरेसा लांब असावा. आखूड तीर ओढताना कामठ्याच्या आत येतो आणि हातात घुसतो. तिराला लोखंडी टोक लावू नका. गवताच्या पेंढीवर नेम धरावा. पेंढीमागे मातीचा बांध असावा. समोर माणूस नाही, गुरेढोरे नाहीत, हे पाहूनच दोरी ओढावी. आभाळात तीर कधीच सोडू नये.

आता शिकारीचे दिवस गेले. रानातल्या जनावरांच्या शिकारीला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. मग ही विद्या कशाला, असे कोणी विचारील. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातला लिंबाराम हा आदिवासी मुलगा बांबूच्या कामठ्यावरच नेम धरायला शिकला. पुढे तो १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांत भारतातर्फे उतरला. १९९१ साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

तेव्हा नुसता कामठा देऊन आज्याचे काम संपत नाही. नातवाचा हात बसेपर्यंत त्याने शेजारी उभे राहावे. आम्ही म्हणतो, खरे देणे ते हेच.

सांगा पाहू:
१. तीर न लावता दोरी सोडली तर काय होते?
२. जुन्या कामठ्यात काय काय तपासावे?
३. तुमच्या घरात आज्याची कोणती वस्तू आहे? ती कशी वापरायची, हे मुलांना कोण शिकवते?