अरण्यांत पडलेलीं विमानें आणि बेपत्ता माणसें

विद्यार्थ्यांनीं नकाशा पुढें घेऊन आसामच्या पूर्व टोकावर बोट ठेवावें. चबुआ, दिंजन, मोहनबारी हीं नांवें तेथलींच. तेथून डोंगरांच्या रांगांमागून रांगा ओलांडून सुमारें ५०० मैल पूर्वेस गेलें म्हणजे चीनमधील कुनमिंग शहर लागतें. ह्या वाटेवर पडलेल्या विमानांविषयीं आज आम्ही लिहीत आहों.

१९४२ सालीं जपानी सैन्यानें ब्रह्मदेश घेतला आणि चीनला रसद पोंचविण्याचा रस्ता बंद पडला. तेव्हां मुख्यत्वें अमेरिकेनें ती रसद विमानांनीं नेण्यास आरंभ केला. १९४५ च्या नोव्हेंबरपर्यंत सुमारें साडेसहा लाख टन माल ह्या वाटेनें गेला. वैमानिक तिला 'हंप' म्हणजे वशिंड म्हणत. नांव थट्टेचें, वाट मात्र थट्टेची नव्हती. ढगांत दडलेलीं पंधरा हजार फुटांचीं शिखरें, पंखांवर जमणारें बर्फ, पावसाळ्यांतील तुफान वारे आणि भरंवसा ठेवतां येणार नाहीं असे नकाशे! सुमारें सहाशें विमानें नष्ट झालीं. सोळाशेंहून अधिक माणसें मेलीं किंवा बेपत्ता झालीं.

'बेपत्ता' ह्या शब्दापाशीं मुलांनीं क्षणभर थांबावें. मृताच्या घरीं शोक होतो व कालांतरानें तो शमतो. बेपत्ता माणसाच्या आईला रडण्याचीही सोय नसते. दारावर थाप पडली कीं तिला वाटतें, तोच आला.

कांहीं जण वांचले, हेंही सांगितलें पाहिजे. २ ऑगस्ट १९४३ रोजीं नागा टेकड्यांवर एका विमानाचें इंजिन बिघडलें. त्यांत २१ माणसें होतीं. सहवैमानिक मरण पावला. बाकीच्यांनीं हवाई छत्र्यांनीं उड्या घेतल्या व ते सर्व जिवंत परतले. त्यांच्या शुश्रूषेसाठीं एका लष्करी डॉक्टरानें दोन मदतनिसांसह विमानांतून मुद्दाम उडी घेतली, आणि ज्या नागा लोकांचें शिरच्छेदाविषयीं मोठें भय सांगितलें जाई, त्यांनींच ह्या परक्यांस आसरा दिला.

जे परतले नाहींत त्यांची ओळख कशी पटते? विमानाच्या शेपटीवर क्रमांक रंगविलेला असतो. परंतु आग, चिखल व पाऊस ह्यांपुढें रंगाचें काय चालणार? इंजिनावर मात्र कारखान्यानें ठोकलेली धातूची लहानशी पट्टी असते. तिच्यावरील आंकडे उठविलेले असल्यामुळें पुष्कळ वर्षें टिकतात. इकडे सैन्याच्या दप्तरांत प्रत्येक बेपत्ता विमानाचा अहवाल असे. त्यांत विमानाचा व इंजिनांचा क्रमांक, आंत कोण कोण होते, त्यांचे हुद्दे आणि घरच्या माणसांचे पत्तेसुद्धां लिहिलेले असत. जंगलांतील आंकडा व दप्तरांतील आंकडा जुळला कीं नांवें हातीं येतात. आंकडे रुक्ष असतात अशी तक्रार आमच्या वर्गांत नित्य ऐकूं येते. तक्रार करणाऱ्यांनीं हा परिच्छेद पुन्हा एकदां वाचावा.

तशी पट्टी आठवण म्हणून कोणीं खिशांत घालून नेली, तर तो धागा तुटतो. डोंगरांतील लोकांनीं पत्रा कापून भांडीं केलीं, त्यांस आम्हांला दोष देववत नाहीं. त्यांना त्याचा उपयोग होता. शिवाय कोणत्या ओढ्याच्या वर कोणतें विमान पडलें आहे हें ध्यानांत ठेवलें तें तेथल्या शिकाऱ्यांनींच.

अशा वाटाड्यांच्या मदतीनें अमेरिकेतील क्लेटन कूल्स ह्यांनीं वीसहून अधिक ठिकाणें शोधिलीं. २००६ सालीं अरुणाचलांतील दमरोह गांवाकडील डोंगरांत त्यांना एक मोठें बॉम्बर सांपडलें. २५ जानेवारी १९४४ रोजीं कुनमिंगहून चबुआकडे येत असतां तें आठ माणसांसह नाहींसें झालें होतें. पुढें तेथें उत्खनन झालें. एप्रिल २०१६ मध्यें दिल्लींत सन्मानपूर्वक निरोप देऊन तेथील अवशेष मायदेशीं धाडण्यांत आले. नातलगांच्या डीएनएशीं ताडून एका तरुण अधिकाऱ्याची ओळख पटली आणि २०१७ च्या जून महिन्यांत जॉर्जिया संस्थानांतील त्याच्या लहानशा गांवीं त्याचें दफन झालें. घर सोडून गेलेल्या मुलाला परत पोंचावयास सत्तरांहून अधिक वर्षें लागलीं. तोंवर त्याचे आईबाप राहिले नव्हते.

अरुणाचलांतील पासीघाट येथें २०२३ सालीं ह्या विमानांचें संग्रहालय उघडलें आहे. पालकांपैकीं कोणाचें त्या बाजूस जाणें झाल्यास मुलांना तेथें अवश्य न्यावें, आणि तेथील वाकलेल्या पत्र्यांवर कोठें आंकडे दिसतात का, हें त्यांना स्वस्थपणें पाहूं द्यावें.