बंदिवानाच्या रुग्णालयखर्चाचा भार कोणावर?
अमेरिकेतील मेडिकेड योजनेचा एक अभ्यास

कारागृहातील मनुष्य आजारी पडला तर उपचाराची जबाबदारी ज्याने त्याला बंदिवासात ठेवले त्या शासनाची, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. त्याला स्वतःच्या पायांनी दवाखाना गाठता येत नाही. परंतु हा खर्च कोणत्या खात्यावर टाकावयाचा, हे ठरविणे तितके सोपे नसते. अमेरिकेत गेली सहा दशके या प्रश्नाची जी सोडवणूक होत आली आहे, ती प्रशासनाशी संबंध असलेल्या वाचकांनी समजून घेण्याजोगी आहे.

मूळ कायद्यातील अपवाद

अल्प उत्पन्नाच्या नागरिकांसाठी ‘मेडिकेड’ ही सार्वजनिक आरोग्यविमा योजना तेथे १९६५ साली कायद्याने स्थापन झाली. खर्चाचा निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा केंद्र शासन उचलते, उर्वरित वाटा राज्ये उचलतात. मात्र सार्वजनिक संस्थेत बंदी असलेल्या व्यक्तीच्या उपचारार्थ केंद्राचा पैसा मिळणार नाही, असा अपवाद प्रारंभीच घालण्यात आला. कारागृहे राज्ये चालवितात आणि स्थानिक तुरुंग बहुधा काउंटीकडे, म्हणजे स्थूलमानाने आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाकडे असतात. तेव्हा हा भार त्यांनीच वाहावा, असा त्यामागील हिशेब.

हा अपवाद शिक्षा झालेल्यांपुरता मर्यादित नाही. खटला चालू असलेला, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने अद्याप निर्दोष असलेला बंदीही त्यात येतो. जामिनाची रक्कम भरू शकणारा आरोपी घरी जातो आणि त्याचे विमासंरक्षण अबाधित राहते. ज्याच्यापाशी ती रक्कम नाही त्याचे थांबते. गरिबांसाठी योजलेल्या विम्यात हा भेद खटकल्यावाचून राहत नाही.

चोवीस तासांची रेषा

त्याच कायद्यात या अपवादालाही एक अपवाद आहे. बंदी हा वैद्यकीय संस्थेत दाखल झालेला रुग्ण असेल तर मेडिकेडचा पैसा मिळू शकतो. १९९७ साली केंद्र शासनाने राज्यांना याचा खुलासा कळविला. रुग्णालय कारागृहाबाहेरील व सामान्य जनतेसाठी असलेले हवे, रुग्णाचा मुक्काम चोवीस तास किंवा अधिक अपेक्षित हवा आणि तो एरवी योजनेस पात्र असावयास हवा. हात मोडलेल्या बंदीला दुपारी नेऊन, प्लास्टर घालून सायंकाळी परत आणले तर सर्व खर्च तुरुंगाचा. शस्त्रक्रियेसाठी दाखल करून घ्यावे लागले तर रुग्णालयाचे देयक मेडिकेडकडे जाऊ शकते. पहाऱ्यावरील शिपायांचे वेतन मात्र तेव्हाही तुरुंगाच्याच खात्यावर पडते. खातेवहीच्या रकान्यांची ज्यांना सवय आहे त्यांना यात नवल वाटणार नाही!

पैसा कोणीही देवो, उपचार टाळता येत नाहीत. टेक्सासच्या कारागृहात १९७३ साली मालमोटार रिकामी करताना गॅम्बल नावाच्या बंदीच्या अंगावर कापसाची गाठ पडली. पाठीच्या दुखण्यावर पुरेसे उपचार झाले नाहीत, अशी त्याची तक्रार होती. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, बंदीच्या गंभीर वैद्यकीय गरजेकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे ही राज्यघटनेने निषिद्ध ठरविलेली क्रूर शिक्षाच होय. डॉक्टरांनी गॅम्बलला अनेकदा तपासले होते. त्यामुळे त्याचा स्वतःचा दावा त्यांच्याविरुद्ध टिकला नाही. तत्त्व मात्र कायम झाले.

१९९७ च्या खुलाशाचा लाभ बरीच वर्षे थोड्यांनाच झाला, कारण मुलेबाळे नसलेले धडधाकट प्रौढ बहुतेक राज्यांत योजनेस पात्रच नव्हते, आणि बंदीवर्गात भरणा त्यांचाच. २०१० च्या आरोग्यसुधारणा कायद्यान्वये २०१४ पासून राज्यांना अशा प्रौढांचा समावेश करता आला. २०२० पासून त्यांच्या खर्चाचा ९० टक्के भाग केंद्र देते. अशा राज्यांना बंदीचा अर्ज वेळीच भरून घेणे किफायतशीर झाले.

सुटकेनंतरचे दिवस

खरा धोका तुरुंगाच्या दारापलीकडे आहे. वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या बंदींविषयीचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांना असलेला मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या १२.७ पट आढळला. अमली पदार्थांचा अतिरेक हे त्याचे प्रमुख कारण होते. नेमक्या याच दिवसांत अनेकांजवळ विमा नसे. तुरुंगात येताच राज्याने तो रद्द केलेला असे आणि नव्या अर्जाचा निकाल लागण्यास कित्येक आठवडे जात. विमा रद्द न करता तात्पुरता स्थगित ठेवावा, हा त्यावरील साधा उपाय. तो प्रौढ बंदींबाबत १ जानेवारी २०२६ पासून सर्व राज्यांवर बंधनकारक करणारी तरतूद २०२४ च्या कायद्याने केली.

त्यापूर्वी, जानेवारी २०२३ मध्ये, कॅलिफोर्नियाला सुटकेपूर्वीच्या ९० दिवसांपर्यंत काही सेवा मेडिकेडमधून देण्याची अनुमती मिळाली. अशी अनुमती मिळालेले ते पहिले राज्य. शिक्षा भोगत असलेल्या २१ वर्षांखालील बंदींची सुटकेपूर्वीच्या ३० दिवसांत तपासणी करणे आणि पुढील उपचारांची जुळणी करून देणे १ जानेवारी २०२५ पासून राज्यांवर बंधनकारक झाले आहे.

यासाठी सुटकेचा दिवस आधी ठाऊक असावा लागतो. राज्य कारागृहांत तो बहुधा ठाऊक असतो. काउंटीच्या तुरुंगात मात्र पुष्कळसे लोक काही दिवसांपुरतेच असतात आणि न्यायालयाचा आदेश येताच त्यांना सोडावे लागते. त्या घाईत विमा कार्यालयाला सुटकेची सूचना त्याच दिवशी धाडण्याचे काम तेथील कर्मचाऱ्यांवर येऊन पडते.