दूरस्थ विद्यार्थी आणि संशोधनाचा अनुभव

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेली कितीतरी मुलेमुली आज नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून अथवा ऑनलाइन पद्धतीने एम.ए. करीत आहेत. भेटीअंती त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : पुढे पीएच.डी. करावयाची आहे, पण संशोधनाचा अनुभव कोठून आणावयाचा? मान्यताप्राप्त विद्यापीठाची अशी पदवी नियमित पदवीशी समकक्षच असते. ती शंका मनातून काढून टाकावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी. मात्र दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने करता येत नाही, अर्धवेळ करता येते. प्रवेशाच्या मुलाखतीत हातचे काम दाखवावे लागते.

उणीव साधनांची नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ घरबसल्या उघडते. उणीव असते ती चूक दाखविणाऱ्या माणसाची. डॉ. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरील निबंध वाचला. पुढच्याच वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’मध्ये प्रसिद्ध झाला. दूरस्थ विद्यार्थ्याला असे चर्चासत्र आयते मिळत नाही, ते जुळवावे लागते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने विषय लहान घ्यावा. उदाहरणार्थ, १९५८ च्या वतन निर्मूलन कायद्यानंतर आपल्या गावातील महार वतनाच्या जमिनी कोणाच्या नावे लागल्या? फेरफार नोंदी, म्हणजे गाव नमुना ६, आणि जुने सातबारा यांच्या नकला काढाव्यात. प्रत्येक नोंदीचा क्रमांक व तारीख वहीत उतरवावी. त्यानंतर गावातील वृद्धांना भेटावे. आजोबांची आठवण आणि फेरफाराची तारीख जुळेनाशी झाली, की खरे काम सुरू होते. तेथे घाईने कोणालाही खोटे ठरवू नये; जमीन नावावर असणे आणि ताब्यात असणे या गावात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एम.ए.च्या वेळी आम्ही एक ऐकीव हकिगत कागद न पाहताच लिहून टाकली होती. तो उतारा आजही आम्हांला वाचवत नाही.

मग दहा पाने लिहून जवळच्या महाविद्यालयातील इतिहासाच्या प्राध्यापकांकडे न्यावीत. नुसते ‘मार्गदर्शन करा’ म्हणणाऱ्याला कोणी वेळ देत नाही. लिहिलेली पाने पाहिली की बहुतेक शिक्षक पेन हाती घेतात. पुढे शिफारसपत्र लागते, तेव्हा आपले काम पाहिलेला तोच माणूस ते लिहू शकतो. एकाचे उत्तर आले नाही, तर दुसऱ्याकडे जावे. माजी विद्यार्थी मेळाव्याला येताना ती पाने आमच्याकडेही आणावीत. शाई लाल असेल, एवढे आधीच सांगून ठेवतो.